बेटावर कंपनी काढावी की सोलापुरातूनच माल पाठवावा? मॉरिशस, मालदीव आणि बालीचा तुलनात्मक आढावा

सोलापुरात टॉवेल-चादरीचा कारखाना असलेल्या घरांतली पुढची पिढी आता धंद्यात उतरते आहे, आणि त्यातले बरेच जण एखाद्या बेटावर फिरून आलेले असतात. रिसॉर्टच्या पूलशेजारी रचलेले टॉवेल दिसले, की कारखानदाराच्या पोराचा हात आपसूक काठाच्या शिवणीकडे जातो. तिथूनच विचार सुरू होतो: इथे आयात-निर्यातीची कंपनी काढली तर? सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, माल घरचा आहे, मग मधला दलाल कशाला? विचार चांगला आहे. पण मॉरिशस, मालदीव आणि बाली या तीन ठिकाणी तीन वेगळे धंदे आहेत, आणि निवड करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्यावं लागतं: माल बेटावर जाणार आहे की बेटावरून येणार आहे?

आधी हॉटेलचा हिशेब मांडू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ७० बाय १४० सेंटिमीटरचा बाथ टॉवेल म्हणजे ०.९८ चौरस मीटर. ५०० जीएसएमने, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅमने, त्याचं वजन झालं ४९० ग्रॅम. १०० खोल्यांचं हॉटेल, खोलीला दोन टॉवेल आणि तीन संच: एक खोलीत, एक लाँड्रीत, एक कपाटात. एकूण ६०० नग. वजन २९४ किलो, म्हणजे तीनशे किलोसुद्धा नाही. त्यात हँड टॉवेल, बाथमॅट आणि पूल टॉवेल मिळवले तरी एका हॉटेलच्या ऑर्डरने वीस फुटी कंटेनर भरत नाही. युरोप-अमेरिकेतला आयातदार कंटेनरच्या भाषेत बोलतो, बेटावरचं हॉटेल कार्टनच्या भाषेत. आणि त्याला माल तीन महिन्यांनी नको असतो, लाँड्रीत टॉवेल पिवळे पडले की आठवड्यात हवा असतो.

म्हणून बेटावर कंपनी काढणं म्हणजे खरं तर बेटावर गोदाम चालवणं आहे. मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून पूर्ण कंटेनर न्यायचा, तिकडे साठवायचा, कार्टन-कार्टनने विकायचा आणि ६० ते ९० दिवसांची उधारी सांभाळायची. नफा या साठवणुकीत आणि उधारीत आहे, आयातीच्या परवान्यात नाही. ज्याला एवढं भांडवल अडकवायचं नसेल त्याने बेटावरच्या एखाद्या जुन्या पुरवठादाराला माल द्यावा आणि सोलापुरातच राहावं. त्यात कमीपणा अजिबात नाही.

मॉरिशस: विक्रीसाठी आणि स्थायिक होण्यासाठी

तिघांत परक्या माणसाला कंपनी काढायला मॉरिशस सर्वांत सोपं. बहुतेक क्षेत्रांत १०० टक्के परदेशी मालकी चालते. कंपनीकर १५ टक्के, आणि वस्तू निर्यातीच्या नफ्यावर ३ टक्के. कामकाज इंग्रजीत होतं, पण बाजारात फ्रेंच आणि क्रिओल लागते. तिथे राहून धंदा करायचा तर गुंतवणूकदार म्हणून ऑक्युपेशन परमिट, म्हणजे राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना, घ्यावा लागतो. त्यासाठी बरीच वर्षे ५० हजार अमेरिकी डॉलर गुंतवणुकीचा टप्पा धरला गेला आहे, शिवाय उलाढालीच्या अटी असतात. त्या अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून अर्ज करताना इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाचा चालू नियमच पाहावा.

भारताचा मॉरिशसशी सीईसीपीए हा व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. भारताच्या ३१० वस्तूंना त्यात सवलत आहे आणि कापड व कापडी वस्तू हा गट त्यात येतो. टेरी टॉवेलचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा वस्तू-क्रमांक, ६३०२.६०. तो घेऊन तिथला दर तपासा आणि उत्पत्ती प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतात बनल्याचा दाखला, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून काढा. मात्र एकट्या भारताला सवलत आहे असं समजू नका. चीनचा मॉरिशसशी मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०२१ पासून आहे, आणि टॉवेलमधला आपला जुना स्पर्धक पाकिस्तान, त्याचाही मॉरिशसशी सवलतीचा करार आहे. त्यामुळे दरात फार मोठा फरक पडेल ही अपेक्षा ठेवू नये. फरक पडेल तो माल हाताशी असण्याने.

वर्षाला तेरा-चौदा लाख पर्यटक येणारा हा देश आहे. बाजार मर्यादित, पण ठाम. राजधानी पोर्ट लुईसला फ्रीपोर्ट म्हणजे शुल्कमुक्त क्षेत्र आहे, तिथे माल ठेवून पुढे आफ्रिकेत पाठवता येतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सोलापूरचा टॉवेल फ्रीपोर्टमध्ये नुसता ठेवला किंवा नव्या पिशवीत भरला म्हणून तो मॉरिशसचा होत नाही. आफ्रिकी करारांची सवलत उत्पत्तीवर मिळते, मुक्कामावर नाही. ‘मॉरिशसमार्गे आफ्रिका शुल्कमुक्त’ असं कोणी सांगितलं, तर उत्पत्तीचा नियम त्याच्याकडून लेखी मागा.

मराठी माणसाला मॉरिशसचं आणखी एक आकर्षण असतं. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. हा ओलावा खरा आहे आणि गोदाम शोधताना, माणसं शोधताना तो उपयोगी पडतो. पण हॉटेलचा परचेस मॅनेजर ओळखीवर उधारी फेडत नाही. आपुलकीच्या माणसाशी व्यवहार करताना कागद आणखी नीट करावा, म्हणजे आपुलकीही टिकते.

दमट हवेचा प्रश्न कोटेशन काढताना कोणाच्या ध्यानात येत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत महिनोन्‌महिने रचून ठेवलेला माल कोरडा राहतो, कारण आपली हवाच कोरडी. तोच माल बेटावरच्या गोदामात जमिनीला टेकून ठेवला, की महिन्याभरात पिशवी उघडताच कुबट वास येतो आणि पांढऱ्यावर करडे ठिपके दिसतात. असा टॉवेल हॉटेल परत करतं. लाकडी पॅलेट, भिंतीपासून हातभर अंतर, आर्द्रता शोषणारं यंत्र आणि कंटेनरमध्ये ओल टिपणाऱ्या पिशव्या, हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ असतो, म्हणून गोदामाच्या विम्यात पाण्याने होणारं नुकसान स्पष्ट लिहून घ्या.

मालदीव: माल पाठवा, मुक्काम नको

मालदीवमध्ये २०२४ साली २० लाखांहून जास्त पर्यटक आले, आणि देशाची लोकसंख्या सुमारे पाच लाख. शेती नावापुरती, कारखाने जवळजवळ नाहीत. मासळी सोडली तर बहुतेक सगळं बाहेरून येतं. ऐकायला हे स्वर्गासारखं वाटतं, पण जवळपास १,२०० बेटांच्या या देशात ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ अशी रचना आहे. राजधानी मालेला माल उतरला म्हणजे काम झालं नाही. पुढे बोटीने प्रत्येक बेटावर न्यावा लागतो. हे काम स्थानिक पुरवठादार वर्षानुवर्षे करत आहेत, त्यांच्या बोटी आहेत, रिसॉर्टशी त्यांची खाती आहेत. बाहेरच्या माणसाने त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्यांचा पुरवठादार व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालाचा रस्ताही वेगळा आहे. सोलापूरकर सवयीने न्हावा शेवाकडे पाहतो, पण मालदीवचा बराच माल तमिळनाडूतल्या तुतुकुडी बंदरातून जातो. सोलापूरहून तिथवर हजार किलोमीटरच्या वर ट्रकभाडं पडतं, तरी छोट्या लॉटसाठी तो पर्याय तपासावा. दोन्हीकडचे दर मागवा आणि दारापासून मालेपर्यंत एकूण किती पडतं तेच पाहा.

जोखीम आहे ती पैशाची. पर्यटक डॉलर देतात, पण देशात डॉलरची चणचण राहिली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदल व्यवस्था दिली, यावरून परिस्थिती कळते. त्यामुळे स्थानिक पुरवठादार प्रामाणिक असला, तरी त्याच्या बँकेकडून डॉलर वेळेवर निघेलच असं नाही. पहिले व्यवहार आगाऊ पैसे घेऊन किंवा एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर) करा, उधारी सुरू केली की ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं संरक्षण घ्या. २०२४ च्या सुरुवातीला दोन्ही देशांत ताणाताण झाली होती तेव्हा भारतीय पर्यटक घटले. शेजारधर्मात असे चढउतार येतात, म्हणून सगळी अंडी या टोपलीत नकोत. नमुन्यांसोबत देवाची मूर्ती भेट म्हणून कधीही पाठवू नका. इतर धर्मांच्या मूर्ती आणायला तिथे बंदी आहे आणि त्यापायी पूर्ण पार्सल अडकतं.

बाली: विकायला नव्हे, विकत घ्यायला

बालीत २०२४ साली साठ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक आले. हा आकडा पाहून टॉवेल विकायला तिकडे धावू नये. इंडोनेशिया स्वतः कापड बनवणारा मोठा देश आहे आणि तयार कापडी मालाच्या आयातीवर मंजुऱ्यांची तटबंदी आहे. परदेशी मालकीची कंपनी, म्हणजे पीटी पीएमए, काढायची तर एका व्यवसाय-प्रकारासाठी जमीन-इमारत सोडून १० अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते. आपल्या पैशात पाच कोटींच्या आसपास. त्यावर तोडगा म्हणून तिथले एजंट ‘स्थानिक माणसाच्या नावावर कंपनी काढू’ असं सुचवतात. ते अजिबात करू नका. २००७ च्या गुंतवणूक कायद्याने असे नामधारी भागधारकांचे करार रद्दबातल ठरतात, म्हणजे भांडण झालं तर कंपनी त्याची आणि पैसे गेलेले तुमचे.

बाली खरेदीसाठी मात्र उत्तम. सेलुकची चांदी, मासचं लाकडी कोरीवकाम, बातुबुलानचं दगडकाम, गावागणिक कारागिरी वेगळी. खरेदीला कंपनी लागत नाही. तुम्ही कारखान्यांत फिरून ऑर्डर देता, आगाऊ रक्कम भरता, आणि तिथली कार्गो कंपनी दहा-बारा ठिकाणांहून माल गोळा करून, तपासून, पॅक करून, कागदपत्रांसह एका कंटेनरमध्ये भरते. ही व्यवस्था तिथे अनेक दशकं मुरलेली आहे. कंटेनर मात्र बालीहून सहसा थेट निघत नाही. गिलिमानुकहून फेरीने जावाला आणि मग सुराबाया बंदरात. ज्याला ‘बाली फर्निचर’ म्हणतात त्यातलं बरंच जावामधल्या जेपारासारख्या गावांत बनतं, म्हणून फर्निचर मोठ्या प्रमाणात घ्यायचं तर थेट तिकडेच जावं.

टॉवेल दमटपणाने खराब होतो, तर लाकूड कोरडेपणाने. बालीत गुळगुळीत दिसणारं अखंड फळीचं टेबल सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार गेल्यावर, टोकापासून तडकत जातं. म्हणून भट्टीत वाळवलेलंच लाकूड मागा, आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र खिशात ठेवून वरच्या बाजूला नाही तर खालच्या, पॉलिश नसलेल्या बाजूला लावून पाहा. १२ टक्क्यांच्या वर आकडा दिसला तर तो नग आपल्यासाठी नाही. पॅकिंगच्या लाकडावर आयएसपीएम-१५ चा, म्हणजे कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा, शिक्का हवा. प्रवाळ आणि शंखांच्या वस्तू कितीही सुंदर असल्या तरी टाळा, वन्यजीव कायद्यात अडकाल. भारत-आसियान कराराची शुल्कसवलत हवी तर विक्रेत्याकडून फॉर्म एआय हे उत्पत्ती प्रमाणपत्र घ्या, आणि २०२० च्या नियमांनुसार उत्पत्तीची माहिती आयातदाराने स्वतःकडेही ठेवावी लागते.

फुकेतचं नावही निघतं. थायलंडमध्ये बहुतेक व्यापारात परदेशी हिस्सा निम्म्याच्या आत ठेवावा लागतो. भरवशाचा थाई भागीदार नसेल तर तो विषय सोडा. ज्याला परदेशाआधी बेटाचा सराव हवा त्याने अंदमान पाहावं: कस्टम्स नाही, साधं जीएसटी बिल, चेन्नईहून जहाज, आणि स्वराज द्वीपवरची हॉटेलं. दमट गोदाम, बोटीची वाट, हंगामी उधारी, सगळं तिथे रुपयांत शिकता येतं.

भारताच्या बाजूचा कागद

निर्यातीसाठी आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), कस्टम्सकडे नोंदवायचा बँकेचा एडी कोड, जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र म्हणजे एलयूटी आणि टेक्सप्रोसिल किंवा पीडेक्सिल या कापड निर्यात परिषदांचं सदस्यत्व, हे सोलापुरातल्या कुठल्याही चांगल्या सीएला पाठ असतं. परदेशात कंपनी काढण्याचा कागद मात्र निराळा. २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार पैसे बँकेतूनच, फॉर्म एफसी भरून, यूआयएन हा गुंतवणुकीचा नोंदणी क्रमांक घेऊन पाठवावे लागतात. व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्यावा लागतो. नातेवाइकाच्या तिकडच्या खात्यातून भांडवल उभं करून ‘नंतर नियमित करू’ म्हणणं महागात पडतं. शिवाय सोलापूरच्या स्वतःच्या फर्मने मॉरिशसच्या स्वतःच्या कंपनीला माल विकला, तर तो दर बाजारभावाशी जुळतो हे ट्रान्सफर प्रायसिंगच्या अहवालात दाखवावं लागतं. हा अहवाल छोट्या व्यवहारालाही चुकत नाही, म्हणून सीएची वार्षिक फी हिशेबात धरा.

तुम्ही चार-सहा मागांवर टॉवेल काढणारे असाल, तर कंपनीचा विचार दोन वर्षं बाजूला ठेवून मालेचा एक आणि पोर्ट लुईसचा एक पुरवठादार पकडा. घरात दोन भावंडं असतील, एक मॉरिशसला राहायला खरोखर तयार असेल आणि कंटेनरभर माल सहा महिने अडकवायची ताकद असेल, तर मॉरिशसची कंपनी काढा. मी या तिघांत तिलाच कौल देईन. पुण्या-हैदराबादमध्ये होम डेकोरचं दुकान असेल तर बालीला खरेदीला जा आणि कंपनी इथेच ठेवा.

विक्रीला उतरणाऱ्यांसाठी वेळेचं गणित असं: मालदीवचा मोठा हंगाम डिसेंबर ते एप्रिल, मॉरिशसचा ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत. हॉटेलं नवा माल त्याआधीच्या मंद महिन्यांत भरतात, म्हणजे नमुने मे-जूनमध्ये त्यांच्या टेबलावर हवेत. पाठवण्याआधी प्रत्येक नमुना क्लोरीनच्या पाण्यात तीसेक वेळा धुऊन घ्या, एक न धुतलेला आणि एक धुतलेला असे दोन्ही सोबत पाठवा, आणि धुतल्यानंतरचं वजन व माप चिठ्ठीवर लिहा. परचेस मॅनेजर तो नमुना आधी लाँड्रीवाल्याच्या हातात देतो.