नमुना सागवानाचा, माल एमडीएफचा: खाचेचे ड्रॉवर करून घेण्याआधी हे वाचा

हँडल नको, फळीतच बोटांसाठी खाच कोरलेले लाकडी ड्रॉवर हवेत, असं ठरवलं असेल तर कोणालाही अॅडव्हान्स देण्याआधी हे वाचा. सागवानाच्या नावाखाली मिळालेल्या एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांत, माझे 2,23,150 रुपये गेले आहेत. ते पैसे घेणारा, ड्रॉवर करून देणारा माणूस आजही दाखवायचा तोच सागवानी नमुना गाडीत घालून फिरतो आहे.

आमचं स्वयंपाकघर अरुंद. ओट्याखालच्या हँडलांना येता-जाता पदर अडकायचा, सासूबाईंच्या हाताला खरचटायचं. म्हणून खाचेचे ड्रॉवर, आणि रोज ओलं-खरकटं हात लागणार म्हणून सागवान. नऊ ड्रॉवर. हौस म्हणून केलेला खर्च नव्हता हा.

त्याने घरी आणलेला नमुना खरा होता, हे मी आजही सांगते. 22 मिलिमीटरची सागवानी फळी, मध्यभागी चार-साडेचार इंचांची खाच, आतून गोल घासलेली, दोन्ही टोकांना फळी पूर्ण जाड. बोटं घातली की पकड घट्ट बसायची. "काकू, बल्लारशाचा साग आहे, अयोध्येच्या मंदिराला गेला तोच," म्हणाला. तिकडून 2023 साली लाकूड गेलं होतं हे पेपरात वाचलेलं, त्यामुळे बोलणं खरं वाटलं. ही माणसं अशीच एक खरी गोष्ट सांगतात आणि तिच्या आडून दहा खोट्या खपवतात.

ठरले 2,38,500. त्यातले 60 टक्के, म्हणजे 1,43,100 आधी. माल तयार झाल्यावर 71,550. बसवून झाल्यावर 23,850. वर गाडीभाडं आणि हमालीचे 8,500 रोख. एस्टिमेटवर लिहिलं होतं "ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या, खाचेसह, पॉलिशसह". लाकडाचं नाव कुठेच नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र "प्युअर सागवान काकू, काळजी नको". कागदावर लाकडाची जात, फळीची जाडी आणि खाचेनंतर उरणाऱ्या कडेची जाडी, तिन्ही लिहून घ्या. नंतर कोणी विचारलं तर लोक कागदच बघतात.

आता ती वेळ, जी डोळ्यांसमोरून जात नाही. दुसरा हप्ता द्यायला मी त्याच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. लाकूड कोरायचं राउटर मशीन चालू होतं. खाली पडलेला भुसा गव्हाच्या पिठासारखा बारीक, तपकिरी, चपलेला चिकटणारा. सागवान कापलं की जाडसर कीस निघतो, हाताला तेलकट लागतो आणि त्याचा वास खोलीभर राहतो. तिथे वास होता तो फक्त पॉलिशचा. मी खाचेत बोट फिरवलं. आत रेषा नव्हत्या. फळीच्या तोंडावर सुंदर सागवानी रेषा आणि खाचेत नुसता सपाट गडद रंग. लाकूड आतून कोरलं तर रेषा आतही दिसायलाच हव्यात ना?

मी विचारलं. गप्प बसले नाही, हे लक्षात घ्या. "आत सीलर मारलाय काकू, पाणी लागू नये म्हणून रंग गडद ठेवलाय." उत्तर तयार होतं, कामगारही मान डोलावत होते. ओट्याजवळ पाणी लागतं हे खरंच, मग सीलर असणार असं कोणाच्याही मनात येईल. 71,550 तिथेच पाठवले.

बसवल्यावर महिना झाला नाही तोच भांड्यांच्या ड्रॉवरची कड बोटांत तुटून आली. तुटलेल्या जागी पुठ्ठ्यासारखा तपकिरी लगदा, वर कागदाएवढं पातळ सागवानी व्हिनियर, म्हणजे लाकडाचा नुसता पापुद्रा. ओट्याच्या नळाजवळच्या ड्रॉवरची खाच पाणी पिऊन फुगलेली. फोन केला तर म्हणाला, "तुम्ही वजन जास्त भरता." स्टीलची भांडी ठेवायची नाहीत तर त्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं काय?

आमच्या सोसायटीतल्या जुन्या सुतारकाकांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. 18 मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये 13 मिलिमीटर खोल खाच, म्हणजे ओढायला कड उरली 5 मिलिमीटरची. तीही फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत काटकोनी कोपरा. सगळा ताण त्या कोपऱ्यातच येतो आणि भेग तिथूनच पडते. त्यांनी आणखी एक सांगितलं. आडव्या रेषांच्या सागवानातही अशी सलग खाच पाडली, तर कड बुडाशी रेषेवरून चिरते. म्हणून खाच मधेच चार-पाच इंच घ्यायची, दोन्ही बाजूंना पूर्ण जाडी सोडायची, कड निदान 9-10 मिलिमीटर ठेवायची आणि कोपरा राउटरच्या गोल बिटने, म्हणजे पात्याने, काढायचा. नमुन्यात हे सगळं होतं! त्याला काम येत नव्हतं असं नाही. येत असूनही त्याने मला ते दिलं नाही.

मग पोलीस. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा." नमुना एक दाखवून माल दुसरा देणं ही फसवणूक नाही तर काय? पूर्वीचं 420, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. मी व्हॉट्सअॅप दाखवलं, तर त्यांनी एस्टिमेट दाखवलं, त्यात लाकडाचं नाव नाही म्हणून. पोच मागितली तर साहेब नाहीत. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर वरिष्ठांकडे लेखी पाठवता येते, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये आहे. हे मला तिथे कोणी सांगितलं नाही, शेजारच्या वकील मुलीने सांगितलं. ग्राहक हेल्पलाइनच्या टोल-फ्री नंबरवर नोंदवलेली तक्रार "विक्रेत्याचा प्रतिसाद नाही" म्हणून बंद झाली. प्रतिसाद देत नाही म्हणून तर तुमच्याकडे आले होते!

जिल्हा आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार 2 वर्षांच्या आत करावी लागते. तुटलेले तुकडे फेकू नका, आयोग ते प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात लिहिलंय, नोटीस पोचल्यापासून 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत निकाल व्हावा. पण नोटीस पोचली तर! माझी नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत आली. वर्कशॉप भाड्याचं होतं, ते रिकामं झालं. तारखेला जायचं, बसायचं, पुढची तारीख घ्यायची. माझ्यासारखीच तिथे बसलेली किती माणसं आहेत, बघवत नाही.

तुमचे ड्रॉवर बसवून झाले असतील तर आजच आतल्या बाजूने फळीचा एक स्क्रू काढा. आट्यांत पिठासारखी तपकिरी पूड निघाली तर शेवटचा हप्ता देऊ नका. अजून करून घ्यायचे असतील तर लाकूड स्वतः पक्क्या बिलावर घ्या, सुताराला फक्त मजुरी द्या. आणि नमुना परत देऊ नका, शेवटचा पैसा देईपर्यंत घरात ठेवा. माझ्याकडे तो नमुना असता तर आयोगापुढे दोन फळ्या शेजारी ठेवल्या असत्या.

पत्त्यावर न सापडणारा हा माणूस उरलेले 23,850 मागायला त्याच जुन्या नंबरवरून मला फोन करतो. कॉलची यादी मी पोलिसांना दिली. आयोगाकडे ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 65 खाली त्याच नंबरवर इलेक्ट्रॉनिक नोटीस बजावण्याचा अर्जही दिला आहे. त्यावर अजून आदेश झालेला नाही.