1791 सालचा जन्मदाखला आणि माझे 1,765 पौंड

वंशावळ शोधून देतो म्हणणाऱ्या एकाने मला फसवलं. तीन महिने हे बँक-पोलीस सोडून घराबाहेर कुणाला बोलले नव्हते, पुण्याला आईलाही नाही. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे, म्हणून लिहिते.

मी ग्लासगोला राहते, नवरा इथलाच. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांचं कपाट आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात 1829 सालचं एक पत्र सापडलं. वर गावाचं नाव सवाना-ला-मार, वेस्टमोरलँड, जमैका. आत उसाचं, रमचं, कर्जाचं, आणि मध्येच एक ओळ : "माणसं आजारी आहेत, गाळप अडलं आहे." माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने ते वाचलं आणि विचारलं, "आई, माणसं म्हणजे गुलाम ना गं? मग आपल्याकडे गुलाम होते?" या शहरात जमैका स्ट्रीट, टोबॅगो स्ट्रीट, म्हणजे गुलाम राबले त्याच बेटांच्या नावांचे रस्ते, आम्ही रोज ओलांडतो. तिला काहीतरी सांगून गप्प करायचं माझ्या जिवावर आलं. मला खरं काय ते हवं होतं. इस्टेट मिळेल, घबाड मिळेल म्हणून मी यात पडले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पोलिसांनीही पहिला प्रश्न तोच विचारला.

हा 'वंशावळ संशोधक' मला फेसबुकवर भेटला. गोड बोलणं, सावकाश उत्तरं, कधी घाई नाही. बाकी रीत तुम्हाला ठाऊक आहेच. आधी 45 पौंड 'प्राथमिक शोधा'चे. मग जन्माची नोंद, मृत्युपत्र आणि वंशवृक्ष यांचे 360. मग म्हणाला, जमैकातल्या स्पॅनिश टाउनच्या दप्तरखान्यात आमचा माणूस बसतो, तो गुलामांच्या यादीची प्रमाणित प्रत काढून देईल. त्याचे 620. शेवटी गुलामी बंद झाल्यावर मालकांना मिळालेल्या नुकसानभरपाईच्या कागदांचे 740. ते कागद आलेच नाहीत.

आता ती संध्याकाळ. मी पोळ्या लाटत होते, फोन वाजला, पीठ लागलेल्या बोटानेच फाइल उघडली. सासरच्या पूर्वजाचा म्हणून 1791 सालचा जन्मदाखला. छापील रकाने. जन्माची वेळ, वडिलांचा व्यवसाय, आईचं माहेरचं नाव, आईवडिलांच्या लग्नाची तारीख. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली 1 जानेवारी 1855 ला! त्याआधी चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याच्या दोन ओळी, त्याही लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. हे मला माहीत होतं. आठवडाभर आधी मीच नवऱ्याला हे समजावून सांगितलं होतं. तो कागद बघून पोटात काहीतरी हललं, खोटं नाही सांगत. पण तेवढ्यात आईच्या रकान्यात सासूबाईंच्या आजीचं नाव दिसलं आणि मी विरघळले. इथल्या घरांत नाव पिढ्यानपिढ्या चालवतात, म्हणून मला ते पटलं. ते नाव पहिल्याच फोनवर मीच त्याला सांगितलं होतं, हे तेव्हा आठवलं नाही. तवा जळेपर्यंत मी तो कागद बघत बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी 620 पाठवले.

मृत्युपत्र खरं निघालं, पण त्याच नावाच्या भलत्याच माणसाचं. स्कॉटलंड्स पीपल या सरकारी साइटवर अशी प्रत दोन-तीन पौंडांत मिळते. आधी तिथे बघा. त्याने 'घराण्याचं कुलचिन्ह' फुकट दिलं होतं, तेही बोगस. स्कॉटलंडमध्ये असं चिन्ह एका माणसाचं असतं, सबंध आडनावाचं नसतं, आणि त्याची नोंद लॉर्ड लायन या चिन्हांच्या सरकारी अधिकाऱ्याच्या कोर्टात होते.

सगळ्यात जास्त जळतं ते यादीचं. तेवीस नावं. नाव, वर्ण, वय, आफ्रिकेत जन्मलेला की बेटावर. क्वाशिबा, फिबा, जुबा, कफी. ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव, अशी त्या लोकांची आफ्रिकेतली चाल. लेकीने आणि मी ती मोठ्याने वाचली. ती रडली. मी देवापुढे दिवा लावला.

नंतर तिनेच ते शोधून काढलं. जमैकात गुलामांची नोंद 1817 पासून दर तीन वर्षांनी होत असे. त्या वह्या लंडनला राष्ट्रीय दप्तरखान्यात 'टी 71' या क्रमांकाखाली आहेत आणि ऑनलाइनही शोधता येतात. आमची तेवीस नावं, त्याच क्रमाने, हॅनोवर परगण्यातल्या दुसऱ्याच इस्टेटीत होती. त्याने नुसती उतरवून घेतली. आणि 740 ज्यासाठी घेतले ती माहिती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने फुकट खुली ठेवली आहे. गुलामी रद्द करणाऱ्या 1833 च्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली. ज्यांना राबवलं त्यांना छदाम नाही. त्यातले कोणाला किती, हे तिथे नावानिशी दिसतं.

कोणीही नोंद विकत असेल तर आधी तिचा संदर्भ क्रमांक मागा. देत नसेल तर फोन ठेवा.

मग दारोदार फिरणं. बँक म्हणाली, पहिल्या 405 पौंडांचे कागद तुम्हाला मिळालेत, म्हणजे हा दर्जाबद्दलचा वाद, फसवणूक नव्हे. उरलेले 1,360 परदेशी खात्यात गेले, आणि फसवणुकीत गेलेले पैसे बँकांनी परत द्यायचा ऑक्टोबर 2024 पासूनचा नियम देशातल्या देशात पाठवलेल्या पैशांनाच लागू आहे. म्हणजे कागद आला तरी पैसे नाहीत, नाही आला तरी नाहीत! पोलिसांच्या फोनवर पन्नास मिनिटं थांबले. तक्रार घेणाऱ्याने गुलामांची यादी म्हणजे काय हे तीनदा विचारलं आणि "हा दिवाणी मामला दिसतो" म्हणून मोकळा झाला. सहा आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र : तपास बंद. बनावट सरकारी दाखला माझ्या हातात असताना दिवाणी कसा? हे मी लिहून विचारलं, उत्तर नाही. बँकेतली बाई तर म्हणाली, "पण तुम्ही स्वतःहून पाठवलेत ना?" स्वतःहूनच पाठवले. फसवलेला माणूस दुसरं काय करतो?

परदेशी खातं दिलं की तिथेच थांबा. मी 405 वर थांबले असते.

यादी फाडलेली नाही. माणसं खरी होती, फक्त आमच्या पत्रातली नव्हेत. लेकीने तिच्यावर पेन्सिलीने खऱ्या इस्टेटीचं नाव लिहिलंय आणि ती त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवलीय. आमची यादी ती अजून शोधते आहे.