कार सीट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

लेक पाच महिन्यांची असताना तिच्यासाठी गाडीत बांधायची लहान मुलांची सीट घेतली, आता ती सव्वा वर्षाची आहे. पुण्यात जवळपास रोज वापर, शिवाय अधूनमधून साताऱ्याला गावी. आमची सीट 0 ते 18 किलो वजनाच्या मुलांसाठी आहे. 13 किलोपर्यंत उलटी लावता येते, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. 9 किलोनंतर सुलटीही चालते.

घेताना गादीचा रंग आणि कप होल्डर सोडून आधी नारिंगी लेबल शोधलं. त्यावर गोलातलं इंग्रजी ई आणि ईसीई आर 44/04 हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक हवं, किंवा नवीन आर 129. आपल्याकडचं मानक एआयएस 072. यातलं काहीच नसेल तर ती नुसती खुर्ची समजा.

गाडी जुनी, आयसोफिक्स (सीट थेट अडकवायचे गाडीतले धातूचे हूक) नाही, त्यामुळे सीट गाडीच्या पट्ट्यानेच बांधतो. उलटी लावताना पट्टा निळ्या खुणांतून न्यायचा, सुलटीला लाल खुणांतून. उलट्या सीटला पट्टा बराच लांब लागतो आणि आमच्या गाडीत तो जेमतेम पुरतो. म्हणून पैसे देण्याआधी सीट आपल्या गाडीत लावून बघू देणारं दुकानच निवडा. बांधताना सीटवर गुडघा रोवून पट्टा ओढतो, मग पट्टा जातो तिथे धरून हलवून बघतो. इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा.

सीट अजून उलटीच आहे. पाहुणे हमखास विचारतात, "पाय आखडत नाहीत का तिचे?" ती मांडी घालून मजेत बसते. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर उलट्या सीटची पाठ डोकं, मान आणि पाठ एकदम झेलते. आर 129 मध्ये तर 15 महिन्यांच्या आत सुलटी लावायला मनाईच आहे. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना उलटी सीट कधीच लावायची नाही.

खरा विरोध आईचा होता. "माझ्या मांडीवरून काय पडणार आहे का ती?" तिला सांगितलं, ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत दहा किलोचं बाळ क्षणभर दोन-तीनशे किलोच्या जोराने पुढे जातं, कोणाच्याच हातात राहत नाही. पटलं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे म्हटल्यावर मात्र तिने विषय सोडला! आता तीच नातीचे पट्टे तपासते: खांद्यावरची पट्टी चिमटीत आली की सैल. थंडीत जाड स्वेटर काढून पट्टे आवळतो आणि वरून शाल घालतो, कारण फुगीर कपड्यांखाली पट्टा घट्ट वाटतो पण नसतो.

त्रासही आहेत. मे महिन्यात बक्कल चटका देतं, गाडी उन्हात असली की वर पंचा टाकून ठेवते. समोरची सीट पुढे सरकवावी लागते, तिथे उंच माणसाचे हाल. कव्हर काढणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पट्टे मात्र मशीनमध्ये धुवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. खंबाटकीत तिला झोप लागतेच, पण घरी पोचल्यावर उचलून गादीवर ठेवते, सीटमध्ये झोपू देत नाही.

नात्यात एकांनी त्यांची जुनी सीट देऊ केली होती, नको म्हटलं. तिने आधी एखादा अपघात सोसला असेल तर वरून कळत नाही.

दहापैकी साडेसात. कापलेले गुण कव्हरचे आणि मराठी सोडाच, धड हिंदीतही नसलेल्या माहितीपुस्तिकेचे.