जीबीडी कम्पेअर : नोंदणीच्या टेबलावरून पाहिलेला रोगांचा नकाशा

एका महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मला सतरा वर्षं झाली. दवाखान्यात मृत्यू झाला की नमुना ४, म्हणजे मृत्यूचं कारण लिहिलेली चिठ्ठी येते, घरी झाला तर नमुना ४-अ. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण वाचायचं, आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड लावायचा आणि गठ्ठा पुढं पाठवायचा, हे माझं काम. पुढं म्हणजे नेमकं कुठं, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. "वर जातं" एवढंच आम्ही म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं नर्सिंगच्या अभ्यासासाठी 'जीबीडी कम्पेअर' नावाची वेबसाइट उघडली, आणि तिच्या खांद्यावरून बघता बघता मी तिथंच बसून राहिले. आमचे गठ्ठे जिथं जातात त्या जागांपैकी ही एक. तेव्हापासून मी ती नियमानं वापरते आहे.

अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाची आयएचएमई ही संस्था आहे. ती २००७ साली गेट्स फाउंडेशनच्या पैशावर उभी राहिली आणि जगभरच्या रोगांच्या ओझ्याचा, म्हणजे इंग्रजीत 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' किंवा जीबीडीचा, हिशेब ठेवते. त्या हिशेबाचा सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला दरवाजा म्हणजे ही साइट. पैसे लागत नाहीत, नुसतं बघायला नाव नोंदवावं लागत नाही. उघडली की एक मोठा आयत दिसतो, लहानमोठ्या चौकटींत कापलेला. लाल चौकटी म्हणजे संसर्गजन्य रोग, बाळंतपणातले, नवजात बाळांचे आणि कुपोषणाचे आजार. निळ्या म्हणजे हृदयविकार, मधुमेह, कर्करोग वगैरे. हिरव्या म्हणजे अपघात आणि इजा. चौकट जेवढी मोठी तेवढं ओझं मोठं. देशांच्या यादीत भारतावर जाऊन महाराष्ट्र निवडता येतो, वयोगट बदलता येतो, १९९० पर्यंत मागं जाता येतं. पाच वर्षांखालची मुलं निवडून १९९० पासून एकेक वर्ष पुढं सरकवा. अतिसाराची चौकट कशी आक्रसत जाते ते बघताना मला माझ्या माहेरच्या गावातले उन्हाळे आठवले.

ही चौकट कशात मोजलीय ते समजल्याशिवाय साइट वापरण्यात अर्थ नाही, म्हणून तिथं जरा थांबते. माप आहे 'डॅली'. ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ यांनी ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घडवलं आणि जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालातून ते जगासमोर आलं. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचं एक वर्ष गेलं. ते दोन वाटांनी जातं. माणूस अकाली गेला तर जी वर्षं जगायची राहिली ती एक वाट; माणूस जिवंत आहे पण आजारी आहे, त्या काळाचा काही हिस्सा ही दुसरी. हिस्सा किती, ते ठरवायला प्रत्येक आजाराला शून्य ते एकच्या दरम्यान वजन दिलेलं आहे. क्षयरोगाला ०.३३३. म्हणजे वर्षभर क्षयानं आजारी असलेल्या माणसाचे चार महिने गेले असं धरायचं. मध्यम तीव्रतेच्या हगवणीला ०.१८८. पाच दिवस हगवण लागली तर गणितात एक पूर्ण दिवसही जात नाही.

आता अकाली मृत्यूची वाट बघा. माझा मावसभाऊ चौतिसाव्या वर्षी क्षयानं गेला. या हिशेबात त्याची पन्नासहून जास्त वर्षं गेली, कारण सगळ्या जगासाठी एकच लांब आयुष्य आदर्श धरलंय. माणूस सांगलीचा असो की टोकियोचा, त्याला तेवढीच वर्षं मिळायला हवी होती असं हे माप धरून चालतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गरीब भागात माणसं लवकर जातात म्हणून त्यांचं जाणं कमी मोजायचं, असं इथं होत नाही.

पण यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती थेट माझ्या टेबलावर येते. एका मृत्यूची पन्नास वर्षं आणि एका आजारपणाचे चार महिने, असा फरक असेल तर क्षयाच्या लाल चौकटीचा आकार मुख्यतः मृत्यूच्या कारणांवर ठरणार. आणि कारण म्हणजे चिठ्ठीवर जे लिहिलं ते.

मावसभावाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. एवढंच. हृदय आणि श्वास थांबला. ते प्रत्येकाचंच थांबतं. नमुना ४ वर छापलेलं आहे की मरण कसं आलं ते लिहू नका, ज्या रोगानं आलं तो लिहा. त्यासाठी अ, ब, क अशा ओळी आहेत, सगळ्यात खालच्या ओळीत मूळ कारण यावं अशी अपेक्षा आहे. त्या दवाखान्याचं नाव घेत नाही. तसा कागद मी सतरा वर्षांत शेकड्यांनी पाहिलाय. 'हृदयक्रिया बंद पडून', 'सेप्टिसीमिया', 'वार्धक्य'. संशोधक याला 'गार्बेज कोड' म्हणतात, आणि शब्द कठोर असला तरी चूक नाही.

या साइटचं खरं काम तिथं सुरू होतं. निरुपयोगी कारणं ते फेकून देत नाहीत. वय, बाई की पुरुष, प्रदेश कुठला हे बघून ते मृत्यू शक्य असलेल्या मूळ कारणांमध्ये वाटून देतात. शिवाय भारतासाठी त्यांना आमच्या चिठ्ठ्यांवर भागवता येत नाही. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांसाठी नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी, कामी येते; तिचे कर्मचारी घरोघरी जाऊन विचारतात: ताप किती दिवस होता, खोकला होता का, रक्त पडत होतं का. त्या उत्तरांवरून डॉक्टर कारण ठरवतात. हे सगळं एकत्र करून, अनेक गणिती प्रारूपं एकमेकांशी ताडून, मग ती एक चौकट निघते.

म्हणून माझा पहिला सल्ला: चौकटीवर बोट ठेवलं की आकड्याशेजारी कंसात दोन आकडे येतात, खालची आणि वरची मर्यादा. आधी ते वाचा. हिवतापाचंच बघा. २०१० साली घरोघरच्या मृत्यू-मुलाखतींवर आधारलेल्या एका भारतीय अभ्यासानं सांगितलं की सत्तरीच्या आत हिवतापानं वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार लोक जातात. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज सुमारे १५ हजारांचा होता. २०१२ मध्ये आयएचएमईनं २०१० सालासाठी जगभरचे हिवतापाचे मृत्यू १२ लाख ४० हजार काढले. संघटनेचा आकडा होता ६ लाख ५५ हजार. कुणी खोटं बोलत नव्हतं. गावात तापानं माणूस गेला आणि रक्तनमुना घेतलाच नव्हता, तर तो हिवताप होता की दुसरा कुठला ताप, हे घरच्यांच्या आठवणीवरून ठरवायचं होतं.

आजारी पण जिवंत माणसं मोजणंही सोपं नाही. अतिसारासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आईला विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत बाळाला जुलाब झाले होते का. क्षयासाठी २०१९ ते २०२१ मध्ये देशभर पाहणी झाली: पंधरा वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे ३१६ जणांच्या फुप्फुसात प्रयोगशाळेत सिद्ध झालेला क्षय सापडला, आणि लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठंच गेलेले नव्हते. त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरात नसणार. नुसती रजिस्टरं बेरीज करून रोगाचं ओझं कळत नाही, ते यामुळं.

आता ज्या गोष्टी मला खटकतात त्या.

लाल-निळ्याची वाटणी फसवते. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळं होतो, पण तो निळ्यात. हिपॅटायटिस बी मधून झालेला यकृताचा कर्करोग निळ्यात. लहानपणी घसा दुखून नंतर झडपा निकामी करणारा संधिवाताचा हृदयरोगही निळ्यात. २०१७ च्या राज्यवार अहवालात देशाच्या एकूण ओझ्यातला लाल गटाचा वाटा १९९० मधल्या ६१ टक्क्यांवरून २०१६ मध्ये ३३ वर आला असं आलं. आकडा खरा आणि आनंदाचा आहे, पण त्यातून 'संसर्ग संपत आला' असं वाचू नका. शिवाय एका मृत्यूला एकच कारण हा नियम आहे: एचआयव्ही असलेला माणूस क्षयानं गेला तर तो एचआयव्हीत मोजतात, क्षयाच्या चौकटीत दिसत नाही.

दुसरं, वजनं. ती ठरवायला लोकांना दोन माणसांची वर्णनं वाचून दाखवली आणि त्यातला जास्त निरोगी कोण ते विचारलं. बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानियात घरोघरी, अमेरिकेत फोनवर, शिवाय इंटरनेटवर. घरोघरच्या पाहणीत भारत नव्हता. कुष्ठरोगात बोटं वाकडी झालेल्या माणसाला या तक्त्यात ०.०६७ एवढं वजन मिळतं, जेमतेम पंधरावा हिस्सा. शरीराचा तेवढा असेलही. पण आमच्या लहानपणी गावात एका बाईंना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांच्या मुलीचं लग्न मोडलं. ते कुठल्याच चौकटीत नाही. हे माप आरोग्याचं आहे, हालअपेष्टांचं नाही, हे संशोधकही मान्य करतात. वापरणाऱ्यानं ते विसरू नये.

जिल्ह्याचे आकडे या साइटवर नाहीत, महाराष्ट्र एकच आहे. गडचिरोली आणि पुणे एका चौकटीत घातले की दोघांचंही चित्र हरवतं. आणि सगळं इंग्रजीत. आशाताईंच्या प्रशिक्षणात हे दाखवायचं तर शेजारी बसून एकेक शब्द सांगावा लागतो. मी तसं केलंय, आणि चौकटी दिसल्या की त्या भराभर प्रश्न विचारतात.

मोबाइलवर उघडू नका, चौकटी बोटाखाली मावत नाहीत, संगणक घ्या. विद्यार्थी, पत्रकार, आरोग्य खात्यातले लोक, सगळ्यांनी जरूर वापरावी. कारणांचा क्रम आणि काळानुसार बदल बघायला यासारखं दुसरं साधन मला माहीत नाही. एखाद्या रोगाचा नेमका आकडा भाषणात ठोकून द्यायला मात्र वापरू नये.

एक आठवण सांगते. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं नुसती नोंद करायलाही दिवस पुरत नव्हता. कारणाकडं बघायला कुणाला फुरसत नव्हती. पुढं मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी नोंद होती सुमारे ४ लाख ८० हजार कोविड मृत्यूंची, आणि सरकारनं त्या पद्धतीला हरकत घेतली. वाद राहू दे. मला त्यातलं एवढं कळलं की जादा मृत्यू काढताना चिठ्ठीवरचं कारण लागतच नाही, नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली एवढंच लागतं. आम्ही त्या दिवसांत रात्री नऊपर्यंत बसून नुसती नावं चढवली होती, ती अशा हिशेबाच्या कामाची असतात हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

साइट बघायला लागल्यापासून माझ्या कामात एक बदल झाला. पूर्वी 'अरेस्ट' लिहिलेली चिठ्ठी आली की त्याचा कोड लावून मी पुढं जायची. आता ती बाजूला ठेवते आणि दवाखान्याला फोन करते. काही डॉक्टर चिडतात, बरेच जण फाइल काढून बघतात. गेल्या महिन्यात एक्केचाळीस वर्षांच्या एका बाईंची चिठ्ठी अशीच परत पाठवली. चार दिवसांनी आली. अ ओळीत श्वसन निकामी, ब ओळीत फुप्फुसातून रक्तस्राव, क ओळीत फुप्फुसाचा क्षय, थुंकीत जंतू सापडलेले. मी ए १५.० हा कोड लावला आणि ती गठ्ठ्यात ठेवली.