सांगलीतल्या विश्रामबागचा फ्रॅक्टल इंटरपोलेशनचा कोर्स, नक्की करा

डेटावर काम करणाऱ्या कुणालाही मी हा शनिवार-रविवारचा कोर्स बिनधास्त सुचवेन. क्लास छोटा आहे, एसी नाही, पण सर जीव ओतून शिकवतात.

विषय म्हणजे मायकेल बार्न्सलीने १९८६ मध्ये मांडलेली फ्रॅक्टल इंटरपोलेशन फंक्शन्स. इंटरपोलेशन म्हणजे दिलेल्या पॉइंटमधनं जाणारा कर्व्ह काढणं. स्प्लाइन (त्यासाठीची नेहमीची पद्धत) लावला की कर्व्ह सगळ्या पॉइंटमधनं जातो खरा, पण मधला भाग पार गुळगुळीत करून टाकतो, आणि मार्केट यार्डातले हळदीचे दर काय असे गुळगुळीत चालत नाहीत. इथे लागोपाठच्या दोन पॉइंटच्या मधे अख्ख्या ग्राफचीच दाबून तिरकी केलेली कॉपी बसवायची, मग त्या कॉपीतही तेच, असं करत करत जो कर्व्ह तयार होतो तो खडबडीत असतो तरी दिलेला एकही पॉइंट सोडत नाही.

सगळी गंमत व्हर्टिकल स्केलिंग फॅक्टरमधे आहे, म्हणजे कॉपी उभ्या दिशेने किती दाबायची तो आकडा. प्रत्येक तुकड्याला एक, -१ आणि १ च्या मधला. सगळे शून्य ठेवले तर नुसत्या सरळ रेषा जोडल्या जातात. समान अंतराचे ४ तुकडे घेऊन सगळीकडे ०.५ ठेवलं (पॉइंट एका रेषेत नकोत) तर ग्राफचं डायमेन्शन (खडबडीतपणाचं माप, साध्या रेषेचं १ असतं) १.५ येतं, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं आणि मग पायथॉनमधे प्लॉट केलं, तेव्हा खरं डोक्यात बसलं. हे फॅक्टर अंदाजाने टाकायचे नाहीत, थोडेच पॉइंट इंटरपोलेशनला घ्यायचे आणि उरलेल्या डेटावर लीस्ट स्क्वेअर्सने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) प्रत्येक तुकड्याचा फॅक्टर काढायचा, यावर जवळजवळ अख्खी दुपार दिली. पैसे तिथेच वसूल!

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीचा डेटा लावून सरांनी स्वतःच सांगितलं की पाणी सावकाश चढतं-उतरतं, इथे हे नको, स्प्लाइनच लावा. आपल्याच विषयाबद्दल इतकं सरळ कोण सांगतं?

कमी काय, तर कोलाज थिअरम (कॉपी जोडून मूळ ग्राफच्या जवळ जाता आलं तर शेवटचा कर्व्हही जवळच येतो, हे सांगणारं) शेवटी घाईत उरकलं, त्याला अजून एक तास हवाच होता. आणि उद्याचा दर काढायला शिकवतील म्हणून जाऊ नका, ही पद्धत आहे त्या डेटाचा कर्व्ह बसवते, पुढचं सांगत नाही.

लॅपटॉप न्या आणि त्यात नमपाय (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) घरूनच टाकून न्या. साताऱ्यातही एक बॅच काढा सर, आमच्याकडचे बरेच जण येतील.