पाखरं हाकलायचा भोंगा : सात महिन्यांच्या वापरानंतर

बाजरी निसवली तेव्हा, ऑगस्टमध्ये घेतला. त्यानंतर मक्याला लावला आणि डिसेंबरपासून शाळूला. आता मार्च आहे, शाळूची काढणी झाली आहे. म्हणजे तीन पिकं झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही. वस्तू सगळ्यांच्या ओळखीची आहे : प्लास्टिकचा कर्णा, मागे डबी, त्यात मेमरी कार्डाची खाच, आवाज भरायचं बटण, लिथियमचे दोन सेल आणि चार्जर. आठशे ते हजाराच्या घरात मिळतो. खोक्यावर 50 वॅट छापलेलं असतं. मल्टीमीटर लावून पाहिलं तर पूर्ण आवाजावर सरासरी 1 अँपिअरच्या आत-बाहेर वीज घेतो, म्हणजे साडेसात व्होल्टला सात-आठ वॅट. एका एकराला तेवढं पुरतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एकच आहे आणि सगळं लिखाण तिच्यासाठीच आहे. या भोंग्याला थांबता येत नाही. आपण 20 सेकंदांची आरोळी भरली की ती संपल्या क्षणी पुन्हा सुरू होते. मिनिटाला 3, तासाला 180, बारा तासांत 2160 वेळा तीच ‘हाऽऽऽ हुर्रर्र’. मधे अंतर ठेवायला बटण नाही, रात्री बंद व्हायची सोय नाही. संध्याकाळी खटका बंद करायला विसरलात तर बॅटरी संपेपर्यंत अंधारात ओरडत राहतो. पाखरं तेव्हा झाडावर झोपलेली असतात, ऐकणारी फक्त माणसं.

पहिल्या दहा दिवसांत मी याला पाचपैकी चार दिले असते. बाजरीवर उतरणाऱ्या चिमण्या आणि सुगरणी आवाज झाला की भर्रकन उठायच्या. अकराव्या-बाराव्या दिवशी त्या बांधावरच्या बोरीपर्यंतच जायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात एक साळुंकी चालू भोंग्याच्या पाठीवर बसून पंख साफ करत होती. कर्णा तिच्या पायाखाली थरथरत होता, तरी तिनं मान वर केली नाही. त्या वेळी एकच तारा दिला असता.

कारण साधं आहे. न थांबणारा आवाज पाखराच्या लेखी ओढ्याच्या आवाजासारखा होतो. माळ्यावरच्या राखणदाराचा आवाज अधूनमधून यायचा, दरवेळी वेगळा असायचा आणि त्याच्या मागून गोफणीचा दगड यायचा. पाखराला भीती त्या दगडाची असते. भोंग्यात दगड नाही, म्हणून निदान तो कधी ओरडेल याचा अंदाज तरी लागता कामा नये. त्यासाठी मधे शांतता हवी. आणि वस्तीवरच्या माणसाला वेड लावते तीही हीच न थांबणारी आरोळी. एकच दोष पीकही घालवतो आणि शेजारही.

शेजाराचा हिशेब मांडतो, कारण बरेच जण ‘एवढा लहान भोंगा, त्याचा काय त्रास’ म्हणतात. कर्ण्यासमोर 1 मीटरवर 100 डेसिबल धरा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबल उतरतो. म्हणजे 100 मीटरवर 60, आणि 200 मीटरवर 54. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 ची मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री 10 ते सकाळी 6. पण गावाकडच्या पहाटे मुळात आवाजच नसतो, त्यामुळे 54 सुद्धा उशाशी वाजल्यासारखा लागतो. त्यात हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार असते. अशा वेळी आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो. दुपारी जो भोंगा वस्तीवर जाणवतही नाही, तोच पहाटे घरात शिरतो. ‘आम्ही दुपारी उभं राहून बघितलं, काही ऐकू आलं नाही’ असं सांगणाऱ्यांनी सकाळी सहाला उभं राहावं. वस्तीवर तान्हं मूल, आजारी माणूस किंवा दहावीचा अभ्यास करणारं पोर असेल, तर त्यांची तक्रार खरी असते. शाळा किंवा दवाखान्यापासून 100 मीटरच्या आत भोंगा लावूच नका, तो शांतता क्षेत्राचा भाग असतो.

विक्रेत्याशी बोलून उपयोग झाला नाही. अंतर ठेवायची सोय असलेलं मॉडेल मागितलं तर ‘भोंगा आहे, ओरडणारच’ एवढंच उत्तर मिळालं. चौथ्या महिन्यात सेल फुगले. वॉरंटी फक्त सर्किटला, सेलला नाही, हे बिलाच्या मागे बारीक अक्षरात निघालं. घेतानाच विचारून घ्या.

यापुढचं मत बदललेलं आहे, कारण दोष फुकटात दुरुस्त होतो. शांतता मशीनमध्ये भरता येत नाही, पण फाईलमध्ये भरता येते. मोबाईलवर आवाज कापायचं कुठलंही ॲप चालतं. 6 ते 12 सेकंदांचा आवाज घ्यायचा आणि त्याच्यामागे कोरी शांतता जोडायची. एका फाईलला 3 मिनिटं, दुसरीला 9, तिसरीला 4, मग 7, मग 2, असं सरमिसळ. अशा पंधरा-सोळा फाईली केल्या की दीड तासाचा फेरा होतो. मोनो, 64 केबीपीएसला ठेवलं तर सगळं मिळून 45 एमबीच्या आत बसतं. जुनं, लहान कार्डही पुरतं, फक्त ते एफएटी-32 मध्ये फॉरमॅट करून घ्या.

इथे एक गोम आहे. हे स्वस्त बोर्ड फाईली नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत. कार्डावर ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतात. सगळ्या एकदम टाकल्या तर क्रम भलताच लागतो. म्हणून कार्ड कोरं करून एकेक फाईल हव्या त्या क्रमानं टाकायची. दुसरं, चालू होताच काही बोर्ड बाईच्या आवाजात इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ असं मोठ्यानं सांगतात. तो आवाज फाईलनं जात नाही. घेताना दुकानातच कार्ड घालून बंद-चालू करून बघा. थेट कार्डावर जाणारा घ्या. बटण दाबून भरलेली आरोळी वीज आल्यावर आपोआप सुरू होत नाही, म्हणून नुसता रेकॉर्डिंगचा भोंगा ठरल्या वेळी वीज चालू-बंद करणाऱ्या टायमरला निरुपयोगी आहे. कार्डाची खाच हवीच.

आवाज कोणते भरायचे यातही बराच गोंधळ आहे. सोबत आलेल्या कार्डात वाघाची डरकाळी, पोलिसांचा सायरन आणि बंदुकीचा आवाज होता. डरकाळी खर्जातली असते आणि एवढ्या लहान कर्ण्यातून खर्ज निघतच नाही, नुसती घरघर येते. पाखरांना वाघाशी देणंघेणं नाही. गोठ्यातली जनावरं मात्र बुजतात. कुत्र्याचं भुंकणं काढून टाका, वस्तीवरची सगळी कुत्री उत्तर द्यायला लागतात. सर्वांत जास्त दिवस टिकले ते दोन : शिक्र्याचा, म्हणजे पाखरं मारणाऱ्या लहान शिकारी पक्ष्याचा आवाज आणि पकडीत सापडलेल्या साळुंकीचा ओरडा. आपल्याच जातीच्या संकटाच्या आवाजाला पाखरं सहज सरावत नाहीत. तयार रेकॉर्डिंग मिळतात. त्यासाठी पाखरू धरू नका, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बाकी थाळी, हलगी आणि दोन-तीन वेगवेगळ्या माणसांच्या आरोळ्या. दर पाच-सहा दिवसांनी कार्ड बदलायचं. दोन कार्डं तयार असली की काम सोपं.

वस्तीसाठी आणखी एक. फाईल करताना 800 हर्ट्झच्या खालचा आवाज कापून टाका, ॲपमध्ये ‘हाय-पास’ नावानं सोय असते. पाखरांचा कान 1 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात तीक्ष्ण असतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं काही कमी होत नाही. उंच स्वर कर्ण्याच्या तोंडाच्या दिशेनं सरळ जातो, तर जाडा स्वर चहूकडे पसरतो आणि भिंतीतूनही आत येतो. जाडा काढला की कर्ण्याच्या पाठीमागच्या घराला मोठा आराम पडतो. कर्णा वस्तीकडे पाठ करून लावायचा हे आलंच. ‘माणसाला ऐकू न येणारा, फक्त पक्ष्यांना पळवणारा’ म्हणून विकलं जाणारं यंत्र मात्र घेऊ नका. माणसाला ऐकू येत नाही तेवढा उंच आवाज पक्ष्यांनाही ऐकू येत नाही.

उंचीचं गणित आधी चुकलं होतं. शाळू सहा-सात फूट गेला आणि भोंगा पाच फुटांवर, पिकातच राहिला. ताटांच्या पानांनी उंच स्वर गिळले आणि बाहेर फक्त घूं-घूं. बांबू वाढवून कर्णा साडेआठ फुटांवर घेतला, तोंड कणसांकडे किंचित खाली झुकवलं, तेव्हा निम्म्या आवाजात तेवढाच परिणाम मिळाला. पूर्ण आवाजावर चालवूच नका. एक तर आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजानं आतल्या युनिटची कॉइल जळते.

बॅटरी : आतले सेल पूर्ण आवाजावर दोन तासही टिकत नाहीत. फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरी वापरता येते, पण थेट जोडू नका, बोर्ड जळतो. मधे व्होल्टेज उतरवणारं बक कन्व्हर्टर घ्या, मल्टीमीटर लावून साडेसातवर आणा आणि मगच तार जोडा. आतले लिथियम सेल आधी पूर्ण काढून टाका. फाईलमध्ये शांतता असल्यामुळे आता एका चार्जिंगवर बरेच दिवस जातात. शांततेतही बोर्ड थोडी वीज खातो, म्हणून टायमर हवा.

टायमरच्या बाबतीत आधी उजेडावर चालणारा सेन्सर लावला होता. तो रात्री बंद ठेवतो, पण उजाडताच सुरू होतो आणि दुपारभर चालतो. दुपारी पाखरं सावलीला असतात, तेव्हा ओरडणं म्हणजे त्यांना सराव देणं. मग वेळ भरता येणारा 12 व्होल्टचा डिजिटल टायमर घेतला. सकाळी 7 ते साडेदहा, संध्याकाळी 4 ते सव्वासहा. पहाटे सहाला लावायची गरज नाही, डिसेंबर-जानेवारीत सोलापूरकडे सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो. या वेळा आणि वरच्या फाईली मिळून दिवसाला साधारण 60 आवाज होतात. 2160 वरून 60! आणि शाळूवर बाजरीपेक्षा नुकसान कमी. इंग्लंडमधल्या शेतकरी संघटनेच्या आचारसंहितेत पाखरं हाकलायच्या गॅसच्या तोफेला तासाला चारपेक्षा जास्त बार नकोत असं म्हटलं आहे. भोंगा तोफेपेक्षा सौम्य, त्याला तासाला दहा ठीक.

भोरड्यांपुढे, म्हणजे हिवाळ्यात थव्यानं येणाऱ्या गुलाबी मैनांपुढे मात्र एकटा भोंगा हरतो. शेकड्यांचा थवा एकदम उतरतो आणि पुढचे उठले तरी मागचे बसतात. कणीस चिकात आल्यापासून दाणा टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे लाल-चंदेरी चमकी फीत सोबत लागतेच. पंधरा-वीस फुटांवर ओळी, कणसाच्या फूटभर वर, प्रत्येक ओळीला दोन-तीन पीळ. पीळ नसेल तर फीत वाऱ्यात वाजतही नाही आणि लकाकतही नाही. शिवाय दिवसातून एकदा, भोंगा वाजताच माणसानं गोफण घेऊन बांधावर दिसायला हवं. तेवढ्यानं यंत्राचा धाक चार दिवस वाढतो. गावाच्या आधी पंधरा दिवस पेरलेला एकटा तुकडा असेल तर कशानंच राखण होत नाही, सगळी पाखरं तिथंच येतात. आणि भोरड्या उगवत्या पिकातले नाकतोडेही मटकावतात, हे ध्यानात ठेवून चिकाच्या आधी त्यांना हाकलू नका.

वैतागून कोणी पाईपच्या कार्बाइड गनकडे, म्हणजे कार्बाइड आणि पाण्याच्या वायूवर बार काढणाऱ्या घरगुती बंदुकीकडे वळत असेल तर कृपा करून वळू नका. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळे अनेक मुलांचे डोळे गेले. पेटली नाही म्हणून पाईपमध्ये डोकावलं की ज्वाला तोंडावर येते. दोन कणसांसाठी ती किंमत नाही.

आज गुण द्यायचे तर खोक्यातून काढलेल्या भोंग्याला दोन, फाईली आणि टायमरसह साडेतीन.

काढणीनंतर ठेवताना कार्ड काढा, बॅटरी सोडवा आणि दर दीड महिन्यानं ती चार्ज करा. कर्ण्याच्या तोंडाला कापड घट्ट बांधा. कुंभारीण माशी आतल्या नळीत मातीचं घर करते. बाजरी आणि मक्याच्या मधल्या वीस दिवसांत केलं होतं. आवाज दबला म्हणून युनिट बदलायला निघण्याआधी कर्णा उलटा करून, बारीक काडीनं आत कोरून बघा.