सीएसएमटी ते गेटवे हेरिटेज वॉक: जरूर करा, पण हुतात्मा चौकात थांबायला लावा

गेल्या रविवारी आत्याला घेऊन सीएसएमटी ते गेटवे हा हेरिटेज वॉक केला, एका ग्रुपबरोबर, माणशी 500 रुपये. आल्यापासून चार जणींनी विचारलं कसा होता म्हणून, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहिते. आधीच सांगते, वॉक छान आहे, गाइड मुलगा अभ्यास करून आलेला होता आणि मनापासून सांगत होता, पण एका ठिकाणी फार खटकलं आणि ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अंतर म्हणाल तर अडीच किलोमीटरच्या आसपास, नुसतं चालत सुटलं तर पाऊण तासाच्या आत गेटवे येतं, आम्हाला तीन तास लागले कारण दर शंभर पावलांवर मान वर करून बघायला काहीतरी होतंच. सकाळी 7 ला महापालिकेसमोर फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी जमायचं होतं. रविवारी त्या वेळी तिथे गर्दी नसते, ट्रॅफिक नसतो, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही, त्यामुळे वेळ अगदी योग्य निवडलीय. आत्या सत्तरीची आहे आणि गुडघ्यांची तक्रार आहे, तरी तिला जमलं.

सुरुवात अर्थातच स्टेशनपासून, आणि हा भाग सगळ्यात सुंदर झाला. मी कॉलेजची पाच वर्षं त्याच स्टेशनवर उतरले पण मला फक्त इंडिकेटर आणि घड्याळ माहिती होतं. गाइडने गेटच्या दोन खांबांवरचे सिंह आणि वाघ दाखवले, सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला, मग मोठ्या घुमटावरची एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली प्रगतीची मूर्ती. मग म्हणाला आता फक्त दगड बघा, पाच मिनिटं कोणी बोलू नका. खरंच बघत राहिलो. मोर आहेत, माकडं आहेत, पानं-फुलं आहेत, आणि पानाची शीरसुद्धा कोरलेली, जी रस्त्यावरून कोणाला दिसणारही नाही. हे कोरीवकाम मुंबईच्या आर्ट स्कूलच्या, म्हणजे आजच्या जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे हे ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे आपल्याच पोरांचे हात आहेत हे." इमारतीचं काम 1878 ला सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आर्किटेक्ट फ्रेडरिक स्टीव्हन्स, आणि समोरची महापालिकेची इमारतसुद्धा त्याचीच, 1893 ची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येतं.

दादाभाई नौरोजी रोडवरून चालताना डोक्यावर उन्हाचा कण येत नाही कारण फुटपाथ सगळा इमारतींच्या कमानींखालून जातो. मला वाटायचं ही प्रत्येक मालकाची हौस असेल, तर तसं नाही, 1896 मध्ये सरकारी नियमच केला होता की खालच्या मजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींचा रस्ता सोडायचा. इमारती वेगवेगळ्या धाटणीच्या, पण ही कमानींची ओळ सगळ्यांना बांधून ठेवते. वाटेत वाच्छा अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर लागते, दारावर माणसाचं तोंड असलेले पंखवाले बैल आहेत, आत फक्त पारशी लोकांना प्रवेश आहे म्हणून बाहेरूनच बघायचं आणि आवाज कमी ठेवायचा, गाइडने हे आधीच सांगितलं हे मला आवडलं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेजही याच रस्त्यावर आहे, तिथे मात्र न थांबता पुढे गेलो, तिथेही दोन मिनिटं हवी होती.

आणि मग हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटनपाशी दहा-बारा मिनिटं थांबलो. माहिती चांगली होती, कारंजं 1864 चं, फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी, पूर्वी इथे मुंबईच्या किल्ल्याचं चर्च गेट होतं त्यावरून चर्चगेट हे नाव आलं, सगळं नीट सांगितलं. मग त्याने हात करून दाखवलं, "अँड दॅट इज द मार्टर्स मेमोरियल," आणि सगळे काळा घोड्याकडे वळले. एक मिनिट. खरंच एक मिनिट, जास्त नाही.

आत्या हललीच नाही. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर इथे गोळीबार झाला तेव्हा ते त्या गर्दीत होते, आत्या तेव्हा चार महिन्यांची, आणि आजी तिला मांडीवर घेऊन रात्री उशिरापर्यंत दारात बसून होती, आजोबा चालत घरी पोचले तेव्हा कुठे तिने चूल पेटवली, ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक मुलाला माहितीय. आत्याने स्मारकापाशी चपला काढल्या, फरशी नुकतीच धुतलेली होती, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि हात जोडले. वर तो शेतकरी आणि कामगार, दोघांनी मिळून धरलेली मशाल. मग तिने गाइडला हाक मारली, "अरे बाळा, इकडे ये, या दोघांबद्दल सांग ना लोकांना."

तो परत आला, "सॉरी काकू, वेळेचं गणित असतं," म्हणाला, आणि ग्रुपला पण बोलावलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण जे सांगायचं ते आत्यानेच सांगितलं, मराठीत, मी जमेल तसं इंग्रजीत करत गेले. शंभरावर माणसं या चळवळीत गेली, तेव्हा कुठे 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. ग्रुपमधली बंगलोरची एक मुलगी म्हणाली की ती रोज या चौकातून ऑफिसला जाते आणि तिला वाटायचं हे युद्धातल्या सैनिकांचं स्मारक आहे. तिची काही चूक नाही, कोणी सांगितलंच नाही तर कळणार कसं. चौकाचं नाव हुतात्मा चौक, आता मेट्रो स्टेशनचं नावही तेच, आणि पैसे घेऊन शहर दाखवणाऱ्यांनी कारंज्याला बारा मिनिटं आणि त्या माणसांना एक मिनिट द्यावं हे मला अजिबात पटत नाही.

पुढचा भाग पुन्हा छान. काळा घोडा इथे मूळ पुतळा सातव्या एडवर्डचा होता, तो 1965 मध्ये हलवून राणीच्या बागेत नेला, आता आहे तो 2017 चा, स्वार नसलेला घोडा. डेव्हिड ससून लायब्ररीचा मालाडचा पिवळा दगड सकाळच्या उन्हात बघावा. मला सगळ्यात जास्त आवडली ती वॉटसन हॉटेलची गोष्ट, लोखंडी सांगाड्याची इमारत, सुटे भाग इंग्लंडहून जहाजाने आणलेले, आणि तिथे 7 जुलै 1896 ला ल्युमिए बंधूंचे चित्रपट दाखवले, म्हणजे भारतातला पहिला खेळ. आपले सावेदादा, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ते बघून इतके भारावले की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि पुढे कुस्तीचं चित्रण केलं. इमारतीची आजची अवस्था बघून मात्र पोटात तुटतं.

म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, बाहेरूनच बघितलं कारण सकाळी बंद असतं. समोर महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे ना, ते पूर्वी खलाशांचं वसतिगृह होतं, 1876 चं, आणि आर्किटेक्ट पुन्हा स्टीव्हन्स. स्टेशनच्या आधीचं काम त्याचं. म्हणजे त्याने सुरुवात इथून केली आणि आम्ही उलटं चालत आलो. आणि म्युझियम जॉर्ज विटेटचं, गेटवेही विटेटचं. म्युझियमची पायाभरणी 1905 मध्ये ज्या ब्रिटिश युवराजाने केली तोच 1911 मध्ये राजा पाचवा जॉर्ज होऊन परत आला आणि त्या भेटीच्या आठवणीसाठी गेटवे बांधलं, ते पूर्ण झालं 1924 ला. आणि 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून निघून गेली. हे गाइडने समुद्राकडे तोंड करून उभं राहायला सांगून सांगितलं, अंगावर काटा आला. आत्या तिथून वळून शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडे गेली, 26 जानेवारी 1961 ला बसवलेला, आणि कठड्यावर टेकून पाणी प्यायली.

बाकी कामाच्या गोष्टी. ग्रुप 28 जणांचा होता, फार मोठा, आणि गाइडकडे स्पीकर नव्हता, मागच्यांना निम्मं ऐकूच येत नव्हतं, 15 च्या वर घेऊच नयेत. टॉयलेटसाठी वेगळा थांबा नाही, स्टेशनवरच जाऊन घ्या. गेटवेला बॅग तपासतात, रविवारी 10 नंतर रांग वाढते. मराठीत वॉक हवा असेल तर बुकिंग करतानाच विचारा, आम्ही विचारलं नव्हतं, मागून कळलं की महिन्यातून एकदा मराठीत असतो.

पाचपैकी चार स्टार. एक हुतात्मा चौकासाठी कापलाय. ग्रुपवाल्यांना हे सगळं मेसेज करून कळवलंय, अजून उत्तर नाही. पुढच्या रविवारी माझी मैत्रीण जाणार आहे, तिला म्हटलंय स्मारकापाशी किती वेळ थांबले ते घड्याळ लावून बघ, ती आली की इथेच लिहिते.